५.१ चा सेट काढून बुकशेल्फ स्पीकर लावू का? (१० बाय १२ ची खोली, बजेट २५ हजार)

रातकिडा | रविवार, रात्री ११.४८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

पीसीला लावलेला ५.१ चा सेट आहे, अकरा वर्षं झाली (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको). पाच चिमुकले स्पीकर आणि टेबलाखाली एक वूफरचा डबा. मागचा डावा गेल्या पावसाळ्यात गेला आणि वूफरमधून आता कायम गुंऽऽ असा आवाज येतो, गाणं बंद असलं तरी. खोली १० बाय १२, डोंबिवलीत, म्हणजे खाली वर शेजारी आहेतच. मी रात्री गेम खेळतो आणि पिक्चर बघतो, सकाळी सहा ते आठ तोच पीसी बाबांच्या ताब्यात, शास्त्रीय आणि नाट्यसंगीत.

माझा प्लॅन असा की वूफर आणि त्यातला अँप (अँप्लिफायर) तसाच ठेवायचा आणि चिमुकले काढून त्यांच्या जागी पुढे दोन चांगले बुकशेल्फ (टेबलावर मावतील अशा लाकडी पेट्यांचे स्पीकर) लावायचे, वायर तर वायरच, लाल-काळी क्लिप आहे मागे. मग पैसे आले की मागचे दोन. हे जमेल का? बजेट २५ हजार, त्याच्या वर गेलो तर घरात वेगळाच सराउंड साउंड सुरू होईल.

बेसुरा | रविवार, रात्री ११.५५

चांगला धागा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गेमसाठी ५.१ सोडू नको हे माझं प्रामाणिक मत. मागून पावलं येतात ती मागूनच ऐकू यायला पाहिजेत. दोन स्पीकरवर ते होत नाही, कोणी काहीही सांगो.

हेडफोनवाला | सोमवार, सकाळी ७.१०

हेडफोन घ्या. विषय संपला.

पेठकर | सोमवार, सकाळी ९.३२

@हेडफोनवाला, प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता. लग्नाच्या वरातीचा धागा निघाला तरी तुम्ही हेडफोनच सांगाल. हलके घ्या.

रातकिडा, पुण्यात असतात तर तापकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) घेऊन गेलो असतो. तुम्हाला लॅमिंग्टन रोड जवळ. पण आधी काकांना येऊ द्या, त्यांच्या आधी कोणी पैसे खर्च करू नये असा इथला नियम आहे.

जुनाट रेडिओ | सोमवार, सकाळी १०.०४

आलो. (काका कोणी म्हणायचं नाही असं दहा वेळा सांगून झालंय.)

रातकिडा, प्लॅन ऐकायला सरळ आहे पण त्यात एक खोड आहे. त्या चिमुकल्या स्पीकरचा पडदा अडीच-तीन इंचांचा. तो खालचे आवाज काढूच शकत नाही, काढायला गेला तर फाटेल, म्हणून सेट बनवणारा काय करतो, आतल्या अँपमध्येच गाळणी बसवतो. साधारण १५० हर्ट्झच्या (सेकंदाला १५० कंपनांच्या) खालचं सगळं वूफरला आणि वरचं चिमुकल्यांना, आकडा सेटप्रमाणे थोडा मागेपुढे. आता तुम्ही त्याच क्लिपांना मोठा स्पीकर लावलात तरी गाळणी तिथेच आहे ना. स्पीकर पन्नास-साठ हर्ट्झपर्यंत उतरायला तयार बसलाय आणि त्याला खालचं कोणी देतच नाहीये. पाहुण्याला पंक्तीत बसवायचं आणि पानात फक्त मीठ-लिंबू वाढायचं, तसं.

दुसरी गोष्ट. ऐंशी हर्ट्झच्या वरचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळायला लागतं. टीएचएक्सवाल्यांनी (पिक्चरच्या आवाजाचा दर्जा ठरवणारी कंपनी) क्रॉसओव्हर, म्हणजे गाळणीची हद्द, ८० ला ठेवायला सांगितलाय तो यासाठीच. तुमच्या सेटमध्ये तो दीडशेच्या आसपास, म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग टेबलाखालून येतो. बाबांना विचारून बघा, गवय्या टेबलाखाली बसलाय असं त्यांना वाटतं का.

तिसरी, तो गुंऽऽ. वीज ५० हर्ट्झची, पण रेक्टिफायरमधून (एसीची डीसी करणारा भाग) गेली की खडबड शंभराची होते. फिल्टरचे कपॅसिटर वाळले की ती शंभराची गुणगुण स्पीकरला येते. अकरा वर्षांच्या डब्यात, गरम हवेत, हेच असणार. आधी मागून पीसीची सगळी केबल काढून बघा. तरीही वाजला तर कपॅसिटर. केबल काढल्यावर थांबला तर मामला अर्थिंगचा. आणि डबा स्वतः उघडायला जाऊ नका, स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये करंट बसलेला असतो, मी एकदा प्रसाद खाल्लाय.

रातकिडा | सोमवार, रात्री ९.४०

काका (सॉरी) केबल काढून बघितली. तरीही गुंऽऽ चालूच.

आणि बाबांना विचारलं. ते म्हणाले, "टेबलाखाली गवय्या नाही, पण तानपुरा अर्धा वर आणि अर्धा खाली वाजतो हे मी तुला चार वर्षं सांगतोय." मला आठवत नाही सांगितल्याचं, पण असेल.

कढीलिंब | सोमवार, रात्री १०.१५

बाबांचे कान भारी आहेत. हिशोब लावून बघा. गवय्याचा षड्ज हार्मोनियमची काळी एक धरला तर तो साधारण १३८ हर्ट्झ, जोडीच्या तारा तिथे, आणि खरजाची तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे ६९. तुमची गाळणी १५० ला. म्हणजे चारही तारांचा मूळ स्वर वूफरमध्ये आणि त्यांच्यावरचं सगळं झणकारणं चिमुकल्यांत. शब्दशः तानपुरा फाडून दोन ठिकाणी ठेवलाय.

मी डबिंग-एडिटिंगचं काम करते (गोरेगावला, जास्त विचारू नका) आणि आमच्याकडे नवीन मुलं घरच्या ५.१ सेटवर मिक्स करून आणतात तेव्हा सगळ्यांची तीच चूक असते, १०० ते २०० च्या मधलं त्यांना घरी नीट ऐकूच येत नाही म्हणून ते तिथे वाढवून ठेवतात, आणि मग इथे आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो.

पेठकर | सोमवार, रात्री १०.२२

अवांतर: तानपुऱ्यात मूळ स्वरापेक्षा वरचे स्वरच जास्त बोलतात ना पण? जवारीचा (घोडीवर तार घासून येणारा झणत्कार) सगळा खेळ तोच आहे.

कढीलिंब | सोमवार, रात्री १०.३१

हो बरोबर, मूळ स्वर दबका असतो. म्हणूनच तो चुकीच्या ठिकाणाहून आणि फुगवून आला की जास्त खटकतो. डग्गा घ्या हवं तर, तिथे तर काहीच लपत नाही. डग्ग्याचा घुमारा टेबलाखाली आणि उजव्या तबल्याच्या चाटीची (कडेची) थाप टेबलावर, तबलजीचे दोन हात दोन खोल्यांत.

रातकिडा | बुधवार, रात्री ११.२०

अपडेट. न राहवून प्रयोग केला. मामाकडे माळ्यावर जुन्या डेकचे स्पीकर पडून होते ते रविवारीच आणून ठेवले होते, लाकडी पेटी, सहा इंची वूफर, मागे ६ ओहम लिहिलंय. सेटच्या पुढच्या डाव्या-उजव्याला लावले. आवाज आला, पण काकांनी सांगितलं तसंच, रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकतोय असं. एवढी मोठी पेटी आणि आवाज डब्यातला. वूफरचा आवाज कमी केला तर गाण्याला पोटच नाही, वाढवला तर नुसतं पोट.

आणि नंतर लक्षात आलं की एका स्पीकरच्या पडद्याची कडा हात लावला तशी पिठासारखी गळून पडली. जमिनीवर काळा चुरा. आईने विचारलं हे काय सांडलंय, मी म्हटलं मामाचं आहे.

जुनाट रेडिओ | गुरुवार, सकाळी ९.५०

फोमची कडा. आपल्या दमट हवेत ती दहा-पंधरा वर्षांत हमखास विरते, रबराची कडा टिकते. फेकू नका, नवी फोम रिंग बसवून देणारे कारागीर अजून आहेत, पडदा चांगला असेल तर नुसती रिंग बदलून भागतं. वापरलेली जोडी विकत घ्यायला जाल तेव्हा पहिलं काम हेच, जाळी काढून कडेवर बोट हलकं फिरवायचं. चिकट लागली किंवा भेग दिसली तर नमस्कार करून घरी यायचं.

आता सरळ सांगतो. तुमच्या पैशात पाच स्पीकर बरे येणार नाहीत, दोन चांगले येतील. दोन पॅसिव्ह (आत अँप नसलेले) बुकशेल्फ, एक छोटा स्टिरिओ अँप, बस. ५.१ चं भूत सध्या उतरवा. पुढे पैसे आले तर हीच जोडी एव्हीआरला (५.१ चालवणारा रिसिव्हर) पुढचे स्पीकर म्हणून लागेल, वाया काही जात नाही.

बेसुरा | गुरुवार, सकाळी ११.०५

किंवा अँपवाले अॅक्टिव्ह स्पीकर घे, झंझटच नाही. एडिफायर आर१२८०टी माझ्या भावाकडे आहे, ४ इंची वूफर, दोन्ही मिळून ४२ वॅट, टेबलासाठी मस्त. वायर लावली की झालं.

जुनाट रेडिओ | गुरुवार, सकाळी ११.४०

तेही चुकीचं नाही. ज्याला पुढे काही वाढवायचंच नाहीये त्याने तेच घ्यावं. पण अॅक्टिव्हमध्ये अँप गेला की स्पीकरही मुके होतात, आणि पाच वर्षांनी तो बोर्ड मिळेलच असं नाही. पॅसिव्ह पेटी नीट ठेवली तर तुमच्या नंतरही वाजेल.

लांबचा पाहुणा | गुरुवार, दुपारी ३.१५ (इथे पहाट आहे)

न्यू जर्सीहून बोलतोय, माझी चूक दुसऱ्याने करू नये म्हणून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी भावासाठी इथून अॅक्टिव्ह स्पीकर बॅगेत घालून आणले, कपड्यांत गुंडाळून, बायकोचे शिव्याशाप खात. इथली वीज १२० व्होल्टची. भावाने उत्साहाने अडाप्टर पिन लावून सरळ २३० ला खोचलं. फट् आवाज, धूर, आणि घरभर तो विशिष्ट वास. मागे बारीक अक्षरात फक्त १२० लिहिलेलं होतं, आम्ही दोघांनी वाचलं नव्हतं. तर कोणाला अमेरिकेतून मागवायचे असतील तर पॅसिव्ह मागवा, त्यांना विजेशी घेणंदेणं नाही, किंवा मागच्या पाटीवर १०० ते २४० असं लिहिलंय का बघून घ्या.

रातकिडा | गुरुवार, रात्री १०.५०

पाहुणे, वाईट वाटलं, पण "अडाप्टर पिन लावून सरळ" वाचून हसू आलं, माफ करा.

काका, मग अँप किती वॅटचा? दुकानात फोन केला तर एक जण म्हणाला साडेतीन हजार वॅट पीएमपीओ.

जुनाट रेडिओ | शुक्रवार, सकाळी ९.१५

पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) म्हणजे लग्नाच्या स्थळातला पगार. आरएमएस (सतत मिळणारे वॅट) विचारायचं, तोच खरा हातात पडणारा.

तुम्हाला किती लागतो ते बघू. पेटीवर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. उदाहरणार्थ पोल्क टी१५ ला ८९ लिहितात, वॉर्फडेल डायमंड २२० ला ८६. तीनचा फरक दिसायला किरकोळ, पण तीन डेसिबलला दुप्पट वॅट लागतात. तुम्ही बसणार टेबलाशी, म्हणजे साधारण एक मीटरवरच. ८९ वाल्याला एका वॅटमध्ये ८९ डेसिबल, हे रात्री साडेअकराला केलंत तर सोसायटीची मीटिंग लागेल. तर वॅटच्या मागे लागू नका.

टीपीए३११६ या चिपचे छोटे क्लास डी (कमी तापणारे) अँप मिळतात, हातात मावणारे, ते पुरे. पण एक गंमत आहे. जाहिरातीत ५० अधिक ५० लिहितात, तो आकडा ४ ओहम आणि २१ व्होल्टवरचा. सोबत १२ व्होल्टचा अडाप्टर दिला तर ८ ओहमच्या पेटीला फार तर ९ वॅट मिळतात. २४ व्होल्टचा लावला तर ३६. व्होल्ट दुप्पट की वॅट चौपट. चिप २६ पर्यंत सहन करते, पण बोर्डावरचे कपॅसिटर किती व्होल्टचे आहेत ते बघूनच अडाप्टर घ्या. आमच्या काळी ४४४० ची आयसी घेऊन पत्र्याच्या डब्यात अँप बनवायचो, हीटसिंकवर पापड भाजला जायचा, त्यापुढे हे म्हणजे चमत्कार आहे.

कढीलिंब | शुक्रवार, सकाळी ९.४०

वाचनखूण साठवली. काका पुस्तक लिहा.

रातकिडा | रविवार, रात्री ९.०५

घेतलं!! लॅमिंग्टन रोडला गेलो, दादरला बदलून ग्रँट रोड. नवीन बघायला गेलो होतो पण एका दुकानात कोणीतरी बदलून दिलेली जोडी होती, सव्वापाच इंची वूफर, ८९ डेसिबल, ८ ओहम, मागे पोर्ट (हवेचं भोक). जाळी काढून बोट फिरवलं, रबराची कडा, एकदम छान. दुकानदार म्हणाला, "काय डॉक्टर आहात का?" जोडी साडेनऊ हजार, अँप आणि २४ व्होल्टचा अडाप्टर धरून साडेचार, म्हणजे चौदा हजारांत बसलं. वायर त्याने "ऑक्सिजन फ्री" म्हणून मीटरला दीडशे सांगितली, मी घेतली नाही, इथे विचारून घेऊ म्हटलं.

परतीला साडेपाचची फास्ट. दोन पेट्या छातीशी धरून दादर ते डोंबिवली. एक काका म्हणाले खाली ठेव, मी म्हटलं नको, ते म्हणाले मग माझ्या मांडीवर ठेव. ठेवली.

जुनाट रेडिओ | रविवार, रात्री ९.३०

बरं केलंत वायर घेतली नाहीत. इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची दोन पदरी वायर घ्या, घरगुती वायरिंगची, काहीही कमी नाही तिच्यात. पाच मीटर जाऊन येऊन दहा मीटर, त्याचा रोध ओहमच्या आठव्या भागाइतका. तुमच्या ८ ओहमपुढे त्याची काय मातब्बरी.

रातकिडा | मंगळवार, रात्री ११.५८

मंडळी मदत करा, घोळ झालाय.

सगळं लावलं. गाणी छान. म्हणजे खरंच छान, त्यावर नंतर लिहितो. पण पिक्चर लावला तर गाड्यांचे आवाज येतात, पाऊस येतो, पार्श्वसंगीत येतं आणि माणसं बोलतच नाहीत. तोंडं हलतायत, आवाज नाही. अगदी लांबून, विहिरीतून आल्यासारखं काहीतरी. अँप खराब दिला का?

बेसुरा | बुधवार, रात्री १२.०३

हाहाहा. अँपला काही झालेलं नाही. विंडोजमध्ये अजून ५.१ सेट आहे तुझं. संवाद सगळे सेंटरच्या चॅनलला जातात, तो स्पीकर तू काढून ठेवलास, विंडोज बिचारं हवेत बोलतंय. साउंडच्या सेटिंगमध्ये जा, स्पीकरवर क्लिक, कॉन्फिगर, तिथे स्टिरिओ कर. मग ते सेंटरचा आवाज दोघांत वाटून देईल. प्लेयरमध्येही वेगळं सेटिंग असेल तर तिथेही बघ. गेममध्ये पण.

रातकिडा | बुधवार, रात्री १२.११

बोलायला लागले. देव भलं करो. आता झोपतो.

कढीलिंब | बुधवार, सकाळी १०.२०

आता बसवायचं कसं ते ऐका, कारण अर्धा आवाज तिथे आहे आणि ते फुकट आहे.

पेट्या टेबलावर सपाट ठेवल्या असतील तर ट्वीटर (वरचे आवाज काढणारा छोटा स्पीकर) तुमच्या छातीकडे बघत असणार. ट्वीटर कानाच्या रेषेत आला पाहिजे, उचला किंवा खालून पुढची बाजू तिरकी करा. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येकापासून तुमच्या डोक्यापर्यंतचं अंतर सारखं, म्हणजे समभुज त्रिकोण. किंचित आत वळवा. पोर्ट मागे आहे म्हणालात, मग भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढा, भिंतीला चिकटवलं की खालचा आवाज फुगतो. जागाच नसेल तर पोर्टमध्ये पायातला मोजा कोंबून बघा, खरंच सांगते, चेष्टा नाही, काही कंपन्या त्यासाठी फोमचं बूच देतात. आणि पेटीखाली काहीतरी मऊ, टेबल थरथरायला नको.

एक कान-तपासणी. एकाच माणसाचं साधं बोलणं लावा. आवाज बरोबर मॉनिटरच्या मधोमध, कोणीतरी तिथे बसल्यासारखा आला पाहिजे. तो पसरट, डोक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटल्यासारखा वाटला तर एका पेटीची लाल-काळी उलटी लागलीये.

रातकिडा | बुधवार, रात्री ११.३०

ताई, उलटीच होती. डाव्याची. वायरच्या दोन्ही पदरांना एकच रंग, त्यामुळे गोंधळ. सरळ केल्यावर खालचा आवाज एकदम उगवला, मला वाटलं कोणी वूफर चालू केला की काय.

जुनाट रेडिओ | गुरुवार, सकाळी ९.०५

दोन्ही पडदे एकमेकांच्या उलट हलत होते, एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, खालचे आवाज आपापसांत खाऊन टाकतात. पुढच्या वेळी पेन्सिल सेल घ्या, दीड व्होल्टचा. वायर अँपपासून सोडवून सेलचं प्लस पेटीच्या लालला क्षणभर टेकवा, पडदा बाहेर आला तर बरोबर. तेवढ्याच क्षणासाठी हं, धरून बसू नका.

रातकिडा | शनिवार, दुपारी १.१५

बसवणं सुरू आहे. ट्वीटर कानापर्यंत आणायला साडेपाच इंच उंची कमी पडत होती. घरात शोधलं, सगळ्यात भरवशाची गोष्ट मिळाली ती म्हणजे आईचे दिवाळी अंक. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला दहा, कारण काही जाड आहेत. वर योगा मॅटचा तुकडा कापून. आईला मॅटचं माहीत नाही अजून.

एक शंका. गाणं बंद असताना माऊस हलवला की स्पीकरमधून बारीक किर्रर्र येतं. स्क्रोल केलं की वेगळं किर्रर्र.

बेसुरा | शनिवार, दुपारी १.४०

केबल कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावलीस ना? त्याची वायर आतून बोर्डावरून फिरून जाते आणि सगळा कचरा गोळा करत येते. मागच्या हिरव्या जॅकला लाव. तरी राहिलं तर छोटा यूएसबी डॅक (पीसीबाहेरचं साउंडकार्ड) घे, फार महाग नाही.

पेठकर | शनिवार, दुपारी २.२०

आणि कोणीतरी सांगेल की प्लगची तिसरी पिन कापून टाक, आवाज जातो. कापू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घराचं अर्थिंग बघायला वायरमन बोलवा. माझ्या एका मित्राने पिन कापली होती, आवाज गेला खरा, पण नंतर कॅबिनेटला हात लावला तर जो झटका बसला तो अजून सांगतो.

रातकिडा | शनिवार, रात्री ८.५५

मागच्या जॅकला लावलं. नव्वद टक्के गेलं. कान पेटीला चिकटवला तरच येतं आता. बेसुरा, तुला एक वडापाव.

बेसुरा | शनिवार, रात्री ९.१०

वडापाव घेईन, पण पावलांचं सांग. मागून येतात का?

रातकिडा | शनिवार, रात्री ९.२५

नाही येत. खोटं कशाला बोलू. डावी-उजवी अगदी स्पष्ट, आधीपेक्षा जास्तच, समोरचा कुठल्या खिडकीत आहे ते कळतं. पण मागून नाही. दोनदा पाठीत गोळी खाल्ली.

बेसुरा | शनिवार, रात्री ९.३२

हेच म्हणत होतो. चला, माझा मुद्दा नोंदवून घ्या. पुढे एव्हीआर घेशील तर एक लक्षात ठेव, ऑप्टिकल केबलने गेमचं ५.१ जात नाही. त्यातून एक तर साधा स्टिरिओ जातो नाही तर डॉल्बी-डीटीएसचं दाबलेलं, आणि गेमचा आवाज दाबलेला नसतो, साउंडकार्डात डॉल्बी डिजिटल लाइव्ह वगैरे असेल तरच होतं. सरळ ग्राफिक्स कार्डातून एचडीएमआय रिसिव्हरला. आणि मग विंडोजला वाटेल दुसरा मॉनिटर लागलाय, माऊस गायब झाला की घाबरू नको, त्या नसलेल्या मॉनिटरवर गेलेला असतो.

हेडफोनवाला | शनिवार, रात्री ९.४०

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पेठकर | शनिवार, रात्री ९.४१

😂 मान्य. रात्रीच्या गेमपुरतं मान्य.

रातकिडा | रविवार, सकाळी ८.३०

आज सहाला बाबांनी लावलं. मी अर्धवट झोपेत. रोज दाराबाहेर फक्त धब् धब् ऐकू यायचं, आज तसलं काही नाही म्हणून उठून बघायला गेलो, वाटलं बंद पडलं. तर आवाज होता, हळू लावलेला. तानपुरा नुसता, गाणं सुरू व्हायच्या आधीचा. बाबा खुर्ची सरकवत होते, जरा डावीकडे, जरा मागे, मग परत पुढे. ताईंचा त्रिकोण कोणी न सांगता शोधत होते बहुतेक. मला बघून म्हणाले, "हा एकाच जागी आहे." मग जोडीच्या दोन तारांत किंचित फरक आहे म्हणाले, एक केसभर उतरलेली आहे, वीस वर्षं ऐकतोय हे रेकॉर्डिंग, आज कळलं. मला काही कळला नाही फरक, पण मान डोलावली.

फक्त एक ठिकाण आहे, दाराजवळ उभं राहिलं की डग्गा जरा जास्तच घुमतो. खुर्चीत नाही, दारातच.

जुनाट रेडिओ | रविवार, सकाळी ९.२०

तो खोलीचा आवाज, पेटीचा नाही. १० फूट भिंतींच्या मध्ये साधारण ५६ हर्ट्झची लाट बरोबर बसते, १२ फुटांत ४७ ची. भिंतीजवळ, कोपऱ्यात ती फुगते, खोलीच्या मध्ये पडते. दारात कोणी गाणं ऐकत नाही, सोडून द्या. अगदीच वाटलं तर त्या कोपऱ्यात गाद्या रचून ठेवा.

बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि ती उतरलेली तार कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये ते विचारून कळवा, मलाही ऐकायचंय.

पेठकर | रविवार, दुपारी १२.०५

जुना वूफर काय करताय? आमच्या मंडळाच्या पोरांना चालेल, गुंऽऽ त्यांना तशीही ऐकू येत नाही.

रातकिडा | रविवार, रात्री १०.४५

वूफर खालच्या मजल्यावरच्या मुलाने मागितला, कपॅसिटर बदलून शिकायचंय म्हणतो. काकांची सूचना त्याला शब्दशः वाचून दाखवलीये, प्रसादासकट, आणि दुकानातल्या माणसासमोरच उघड म्हटलंय.

इकडे आईला एक जुना अंक हवा होता, तो नेमका उजव्या पेटीखाली खालून तिसरा निघाला. काढून दिला तर उजवा ट्वीटर बोटभर खाली आला, आणि शप्पथ सांगतो, मला कळलं. उद्या सुताराकडे जातोय, दोन ठोकळे, साडेपाच इंच. लाकूड कुठलं सांगू?